फुगलेल्या दारांच्या बाई

बाईंसमोर कुठल्याही चित्राला 'छान' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "छान म्हणजे काय? भजी छान असतात. चित्राचं काय ते बोल." मग आपण तोल, अवकाश असलं काहीतरी जुळवून बोलावं, तर त्या म्हणायच्या की यापेक्षा भज्यांवर बोलला असतास तर निदान भूक लागली असती. असा दोन्हीकडून मार. तरी दर रविवारी आम्ही चार-पाच जण न चुकता चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्यांच्या गाळ्यात हजर असायचो. शिव्या खायला माणसं लांबून येतात, तसे.

बाई एका कला महाविद्यालयात छापचित्रं शिकवायच्या. म्हणजे लाकडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर दाबून ठसा उमटवायचा. नोकरी त्यांनी मुदतीआधी सोडली. प्राचार्यांशी भांडण झालं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कशावरून, ते दरवेळी वेगळं सांगायच्या. कधी पंख्यावरून, कधी एका विद्यार्थ्याला नापास करण्यावरून. एकदा तर म्हणाल्या, प्राचार्यांचा आवाज मला आवडत नव्हता. बाईंचे यजमान त्याआधीच गेले होते. त्यांचे ऑफिसचे लांब बाह्यांचे शर्ट बाई साडीवर घालायच्या, शाई लागू नये म्हणून. "नवरा गेला, पण शर्ट टिकले. कापड चांगलं होतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही.

गाळ्याच्या मधोमध छपाईचा प्रेस होता. काळा, लोखंडी, बाजूला जहाजाच्या सुकाणूसारखं चाक. बाई त्याला म्हैस म्हणायच्या. रविवारी गेल्या गेल्या पहिला प्रश्न, "म्हशीला तेल घातलं का?" हात धुतल्याशिवाय म्हशीला कोणी शिवायचं नाही. स्वतः मात्र शाईच्या हातांनी खाकरा खात बसायच्या.

खाकरा शेजारच्या गाळ्यातून यायचा. तिथे एका गुजराती शेठचा खाकऱ्यांचा कारखाना होता. बाईंच्या पत्रे कोरायच्या ऍसिडच्या वासाने माझा माल कडू होतो अशी शेठची तक्रार, आणि तुमच्या शेकण्याच्या वासाने माझं लक्ष उडतं अशी बाईंची. हे भांडण आमच्या आधीपासून चालू होतं. भांडण झालं की संध्याकाळी तुटक्या खाकऱ्यांची पिशवी शटरला लटकवलेली सापडायची.

आमची खरी नावं बाईंनी कधी वापरली नाहीत. मी अंधेरीच्या एका ऑफिसात बिस्किटांच्या पुड्यांची डिझाइनं करतो, म्हणून मी पुडा. घाटकोपरच्या शाळेत चित्रकला शिकवणारी एक मुलगी यायची, ती लिनोलियमवरच कोरायची, म्हणून ती लिनो. आणि एक जाहिरातीतला गृहस्थ होता, देखणा, दक्षिण मुंबईतल्या गॅलरीवाल्यांशी उठबस असलेला. तो ब्रोशर. ब्रोशरला हे नाव आवडायचं नाही, पण बाईंनी त्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही आणि तो ओ द्यायचा थांबला नाही.

त्या ऑगस्टात पाणी भरलं. पाऊस होताच, त्यात भरती आली आणि इस्टेटच्या मागचा नाला उलटा वाहायला लागला. चारकोपच्याच एका सेक्टरातलं बाईंचं घर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती. गाळा मात्र तळमजल्याला. मी फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या की गाळ्याचं काय करायचं ते पाण्याला ठरवू दे, माझं दूध उतू जातंय.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मी बोरिवलीहून चालत गेलो. लिनोही पोचली होती. गाळ्याचं शटर उघडं, आत पोटरीपर्यंत चिखल, डिझेलचा आणि नाल्याचा वास. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीइतकी. मागच्या भिंतीला लाकडी खणांचं मोठं कपाट होतं. रुंद, उथळ खण. बाईंनी आयुष्यभर छापलेलं सगळं त्यात होतं. त्यांनी प्रदर्शनं फारशी केली नव्हती, विकलं तर जवळजवळ नव्हतंच. जे होतं ते त्या कपाटात. आता सगळे खण बाहेर ओढलेले होते, आणि रिकामे.

बाई गाळ्यात नव्हत्या. शेठच्या गाळ्यातून आवाज आला म्हणून आम्ही तिकडे गेलो. बाई साडी खोचून गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि फरशी पुसत होत्या. हातात ओला जाड कागद. त्या तो पसरायच्या, हातांनी दाबायच्या, पाणी प्यायला की उचलून घमेल्यात टाकायच्या आणि दुसरा घ्यायच्या. शेठ कपाळाला हात लावून त्यांना थांबवायला सांगत होते. कोणाला सांगत होते कोण जाणे, तिथे दुसरं कोणी नव्हतं. घमेल्यातल्या एका कागदावर मला एका झोपलेल्या माणसाची पाठ दिसली. ते चित्र मी ओळखत होतो.

लिनो रडायला लागली. बाईंनी वर पाहिलं.

"रडू नकोस गं, आधीच ओल आहे," त्या म्हणाल्या. "शंभर टक्के कापसाचा कागद आहे. पाणी झकास पितो. पेपरच्या रद्दीने असं पुसून होत नाही."

शेठनी आता हात जोडले. बाई म्हणाल्या, "शेठ, तुमच्या पिठाची खळ झाली, माझ्या चित्रांचं पोतेरं झालं. सुकवूनही त्याचं काही होणार नाही, मी बघितलंय. उचला पाय."

शेठनी पाय उचलला.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस चिखल काढण्यात गेले. गाळा धुतला गेला, पण म्हैस बसली ती बसलीच. चाक हलेना. बाईंनी रॉकेलने तिचा एकेक सांधा पुसला, वंगण घातलं, शिव्या घातल्या. आतले दाते गंजले होते. एकदा मी लवकर पोचलो तर बाई उलट्या बादलीवर बसून एका हाताने चाक धरून होत्या. मला पाहून त्यांनी हात काढला आणि विचारलं की पुड्यांचं काय म्हणणं, बुडतात की तरंगतात.

बाईंसाठी काहीतरी करायला हवं हे सगळ्यांना वाटत होतं. ब्रोशरने पुढाकार घेतला. आपण सगळ्यांनी पुरावर एकेक छापचित्र करायचं, त्याच्या ओळखीच्या गॅलरीत प्रदर्शन भरवायचं, विक्रीतून म्हैस दुरुस्त करायची. प्रदर्शनाला त्याने नावही शोधलं होतं, रेझिलियन्स. बाईंनी विचारलं, हे कुठल्या गोळीचं नाव.

तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांनी कच्ची चित्रं आणा म्हणाल्या. आणली. बाईंनी ती फरशीवर ओळीने मांडली आणि हात मागे बांधून समोरून चालत गेल्या. प्रत्येक चित्रात पाण्यावर तरंगणारी एक बाहुली होती. कोणाची फुटकी, कोणाची एका डोळ्याची. माझ्या चित्रात बाहुली छोटी होती आणि भोवती भांडी तरंगत होती, पण होती.

"यातली एक तरी बाहुली कोणी डोळ्याने बघितली का?" त्यांनी विचारलं.

कोणीच बघितली नव्हती. नाल्याच्या पलीकडची वस्ती बुडाली, एवढं आम्हाला माहीत होतं. तिकडे आमच्यापैकी एकहीजण गेला नव्हता.

"मग चला," बाई म्हणाल्या आणि शर्टाच्या बाह्या दुमडत निघाल्या.

वस्तीत बाहुली नव्हती. तिथे दारं होती. कपाटांची. घराघरात प्लायवूडची कपाटं होती आणि पाण्यात रात्रभर राहून सगळी फुगली होती. सनमायका उचकटलेला, प्लायचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे सुटलेले. लोकांनी ती दारं बिजागऱ्यांतून काढून रस्त्याच्या कडेला रचून ठेवली होती, कचऱ्याची गाडी देवनारला घेऊन जाईल म्हणून. बाई एका ढिगापाशी उकिडव्या बसल्या. एका दाराचा वरचा पापुद्रा त्यांनी नखाने सोलला, खालच्या लाकडावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाल्या, धर.

आम्ही तीन दारं उचलली. वस्तीतल्या एकाने बाईंना भंगारवाली समजून विचारलं, किलोने घेता की नगाने. बाई म्हणाल्या, नगाने, आणि पैसे देत नाही. तो हसला. पण समोरच्या घरातून एक ठेंगणी, पन्नाशीच्या पुढची बाई बाहेर आली. ती हसत नव्हती.

"ह्यां दार माझां," ती म्हणाली. "टाकलंय म्हणान काय कोणीव येवन उचलतलो? विचारूक नको?"

बाईंना आजवर कोणी सुनावलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. बाईंनी दार खाली ठेवलं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "आता विचारते. नेऊ का?"

"कित्याक?"

बाईंनी सांगितलं. यावर चित्र कोरणार, शाई लावणार, कापडावर छापणार. त्या बाईने विचार केला आणि विचारलं की चित्र कसलं. बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "तुमचं दार आहे. तुम्हीच सांगा."

पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं. ज्याचं दार, त्याने चित्र ठरवायचं. कोरणाऱ्याने तोंड मिटून कोरायचं. छापलेलं कापड दारवाल्याचं. कापड म्हणून मांजरपाट घ्यायचं, एका दाराला एकच तुकडा. ब्रोशरने विचारलं की मग प्रदर्शनाचं काय. बाई म्हणाल्या, बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं, पण ब्रोशर आशावादी होता.

ती ठेंगणी काकी माझ्या वाट्याला आली. मूळची देवगडकडची. तिचे यजमान आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले, आता ते नव्हते. काकी सेक्टरातल्या चार घरी स्वयंपाक करायची. मी माझं भांड्यांचं चित्र बाहुली खोडून तिला दाखवायला नेलं. तिने ते लांब धरून पाहिलं.

"ह्यां काय?"

मी म्हटलं, काकी, पाणी.

"पाणी आमी बगलाव," ती म्हणाली. "आता परत दारार कित्याक? वाघ काढ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, वाघच का, गावाकडची काही आठवण आहे का. तसलं काही नव्हतं. कपाटात काय होतं ते काढू का, म्हटलं. तर म्हणाली, साड्या होत्या, घडी घातलेल्या साड्या काय काढशील. वाघ बरा दिसतो. एवढंच कारण.

मी बाईंकडे तक्रार घेऊन गेलो. बाई इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून घसरून मांडीवर पडला. म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा तुला कोणीतरी खरं काम सांगितलंय. जा, वाघ काढ."

माझ्या एकट्याचीच अशी गत नव्हती. लिनोला मिळालेले म्हातारे भजनी मंडळाचे बुवा होते. त्यांचा पखवाज पाण्यात गेला होता, म्हणून लिनोने मोठ्या मायेने पखवाजाचं चित्र करून नेलं. बुवांनी सांगितलं की पखवाज नवा आणू, मला काढ, मिशीसकट, तिशीतला. ब्रोशरच्या वाट्याचं कुटुंब तर म्हणालं, आमचा फ्रिज काढा. नवाच होता, गेला बिचारा. ब्रोशरने तीन रविवार त्या फ्रिजमधून काही अर्थ काढता येतो का ते पाहिलं. दारवाले दर खेपेला विचारायचे, हँडल कुठे आहे.

सप्टेंबरभर इस्टेटच्या कंपाउंडमध्ये दारं वाळत होती आणि आम्ही पटाश्या घेऊन त्यांवर ओणवे झालो होतो. पापुद्रे भलतीकडे सुटायचे. माझ्या वाघाचा एक कान असाच निसटून गेला. काकी कामावरून येताना गाळ्यावरून जायची आणि डोक्यावर उभी राहायची. पहिल्यांदा म्हणाली, ह्यां मांजर. दुसऱ्यांदा म्हणाली, मांजरच, पण मोठां. वाघाच्या तोंडावर राग हवा, हे ती मला स्वतःचं तोंड तसं करून दाखवायची. मी शेवटी तिचंच तोंड वाघाला दिलं. तिने ओळखलं नाही, किंवा ओळखून बोलली नाही.

बाई सगळ्यांची दारं बघत फिरायच्या, हातातली पटाशी काढून घ्यायच्या, धार लावून परत द्यायच्या. स्वतः काही कोरत नव्हत्या. त्यांनी स्वतःसाठी दार उचललंच नव्हतं.

छापायचं कशावर हा प्रश्न होता. म्हैस चालू असती तरी दार तिच्या खाली मावलं नसतं. ऑक्टोबरात पाऊस थांबला आणि इस्टेटचा उखडलेला रस्ता नव्याने करायला रोलर आला. बाई दोन दिवस गेटपाशी उभ्या राहून तो रोलर बघत होत्या. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरशी बोलल्या. तो सोलापूरकडचा होता. त्याने आधी विचारलं, शूटिंग आहे का. नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह गेला आणि त्याला सुपरवायझरची आठवण झाली. सुपरवायझर आला तो तावातावानेच. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की या कामात एक माणूस असा लागतो, जो बरोबर वेळेला ओरडेल 'थांब'. आमच्यात कोणाचा आवाज नाही. सुपरवायझर खालच्या आवाजात म्हणाला, रविवारी सकाळी काम बंद असतं.

त्या रविवारी वस्तीतली माणसं न बोलावता आली. रस्त्यावर बारीक वाळू पसरली, त्यावर दार, दारावर काळी शाई, वर मांजरपाट, त्यावर म्हशीवर छापताना घालायच्या जाड घोंगड्या. रोलर धूर सोडत हळूहळू आला. पहिला मान ब्रोशरच्या फ्रिजचा. मधोमध आल्यावर कड्कन आवाज झाला आणि दाराचे दोन तुकडे झाले. ब्रोशरचा चेहरा पडला. कापड उचललं तर फ्रिजच्या मधून वीज पडल्यासारखी पांढरी चीर गेली होती. दारवाले म्हणाले, बरोबर, असाच गेला.

वाघाच्या वेळी मी दुसरीकडे बघत होतो. सुपरवायझर 'थांब' म्हणून असा ओरडला की गेटवरची कुत्री उठली. बाईंनी आणि काकीने दोन बाजूंनी कापड उचललं. वाघ आला होता. जिथे प्लायचे पापुद्रे पाण्याने सुटले होते तिथे अंगावर असे काही पट्टे उमटले होते, की ते मी कोरले नव्हते आणि कोरू शकलोही नसतो. मोडक्या कानामुळे तो जास्तच चिडलेला दिसत होता.

काकीने बराच वेळ पाहिलं. "रागीट आसा," ती म्हणाली आणि पदराने घाम पुसला.

दुपारपर्यंत इस्टेटच्या गल्लीत या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरीवर कापडं लागली होती. बुवांच्या मिशीला टाळ्या पडल्या. बुवांनी त्या नमस्कार करून घेतल्या.

ब्रोशर खूष होता, फ्रिजवरसुद्धा. तो दोरीखालून फिरत फोटो काढत होता आणि बाईंना सांगत होता की दोन दिवसांत गॅलरीची माणसं बघायला येतील, तोवर कापडं वाळवू, खाली सह्या करू. बाईंनी विचारलं, सह्या कोणाच्या. तो म्हणाला, आपल्या.

तेवढ्यात काकीने तिचं कापड काढलं. शाई ओली होती. तिने ते खांद्यावर टाकलं, पोलक्याला काळं लागलं तरी पर्वा केली नाही, आणि गेटच्या दिशेने चालू लागली. तिच्या मागून बुवा. मग फ्रिजवाले. ब्रोशरने बाईंकडे पाहिलं, त्यांनी थांबवावं म्हणून. बाई दोरीचे चिमटे काढून देत होत्या.

"बाई," तो म्हणाला, "मग म्हैस कशी दुरुस्त होणार?"

"नाही होणार," बाई म्हणाल्या.

तो कॅमेरा बॅगेत ठेवून गेला. त्यानंतर रविवारी तो आला नाही. तो चुकत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. म्हैस खरंच बसलेली होती.

दिवाळीनंतर काकीने आम्हाला चहाला बोलावलं. बाई आणि मी गेलो. वस्तीतल्या बऱ्याच घरांत कपाटाचे सांगाडे तसेच उभे होते, आणि दारांच्या जागी आमची कापडं पडद्यासारखी लावली होती. बुवांच्या कपाटावर तरुण बुवा. काकीच्या कपाटावर वाघ, पण उलटा. पाय छताकडे, पाठ जमिनीकडे. मी म्हटलं, काकी, चुकून उलटा लागला वाटतं. काकी म्हणाली, चुकून नाही. सुलट लावला की रात्रभर तिच्याकडे बघत राहतो, झोप येत नाही. असा लावला की निजल्यासारखा दिसतो. बाईंनी मान तिरकी करून वाघ पाहिला आणि मला म्हणाल्या, बघ, रचना सुधारली.

तो हिवाळा तसाच गेला. बाई गाळ्यात यायच्या, आमच्या पटाश्यांना धार लावायच्या, चहा प्यायच्या. त्या स्वतः काही काढत नव्हत्या. लिनोने एकदा धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "माझं झालं. बुडालं ते बरंच झालं, नाहीतर कोणाला तरी ते निवडत बसावं लागलं असतं." मग गाळा सोडायचा, रत्नागिरीला भाचीकडे जाऊन राहायचं, असं बोलायला लागल्या. आम्ही विनवलं, त्यांनी ऐकलं नाही. म्हशीचं काय करणार विचारलं तर म्हणाल्या, म्हातारी म्हैस कोण पाळतं.

अशात एका रविवारी शेठ आले. हातात चादरीत गुंडाळलेली चौकट. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि घसा साफ करून म्हणाले, "बाई, तुमचं एक राहिलं आहे."

शेठचं घर चौथ्या मजल्यावर. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी बाईंकडे भिंतीसाठी काहीतरी मागितलं होतं आणि बाईंनी त्यांच्याच कारखान्यात खाकरे लाटणाऱ्या एका बाईचं चित्र छापून दिलं होतं. ते तेवढं वाचलं होतं. चादर बाजूला झाली. लिनोने माझा हात धरला. आता बाई रडतील, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं.

बाईंनी चष्मा खाली घेतला, चौकट उजेडाकडे फिरवली आणि खूप वेळ बघत राहिल्या.

"हे?" त्या म्हणाल्या. "सगळं गेलं, आणि हे राहिलं?"

मग त्यांनी आम्हाला दाखवलं. छापताना चित्राची डावी-उजवी बाजू उलटी होते, म्हणून कोरतानाच ते उलटं कोरावं लागतं. शेठची कटकट थांबवायला त्यांनी ते घाईने केलं होतं. एक हात उलटा कोरला आणि दुसरा विसरल्या. चित्रातल्या लाटणाऱ्या बाईला दोन्ही हात उजवे होते. कोण बघतंय, म्हणून तसंच देऊन टाकलं होतं.

"मी मेल्यावर एवढंच उरणार," बाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, ही शिकवायची दुसऱ्यांना, आणि हिला अंगठा कुठल्या बाजूला असतो ते कळत नव्हतं."

त्या खरोखर संतापल्या होत्या. इतक्या दिवसांत आम्ही त्यांना असं पाहिलं नव्हतं. पूर आला तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई शेठच्या गाळ्यात पिठाच्या डब्यावर बसून लाटणाऱ्या बायकांचे हात काढायला लागल्या. त्या बायका वैतागल्या, कारण बाई मध्येच मनगट धरून थांबवायच्या. आणि कधी कोणाकडे काही न मागणाऱ्या बाईंनी शेठना सांगितलं की तुमचा मशीनवाला मिस्त्री मला हवा आहे. मिस्त्रीने म्हशीचे दाते उघडले, घासले, एक बदलला. म्हैस चालू झाली, पण प्रत्येक फेऱ्याला कण्हायला लागली. बाई म्हणाल्या, कण्हू दे, मीही कण्हते.

नवं चित्र व्हायला पावसाळा उजाडला. किती पत्रे वाया गेले ते आम्ही मोजलं नाही. जे झालं त्याबद्दल मी काही बोलणार नाही, फक्त ते हात बघताना पिठाचा कोरडा स्पर्श बोटांना जाणवायचा. बाईंनी त्याला चौकट केली आणि शेठकडे अदलाबदल करायला गेल्या. शेठनी नवं चित्र बघितलं, हात जोडले, आणि जुनं द्यायला साफ नकार दिला.

त्यांचं म्हणणं असं, की ते चित्र भिंतीवर लागलं तेव्हापासून त्यांचा धंदा वाढला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्यातल्या बाईला दोन उजवे हात आहेत. म्हणून तर ती शुभ. एका उजव्या हाताने माणूस किती कमावतो, दोन असतील तर बघा. शेठच्या मिसेस रोज त्या चित्राला उदबत्ती ओवाळायच्या.

बाईंनी समजावलं, धमकावलं, ऍसिड ओतीन म्हणाल्या. शेठ हलले नाहीत. वर म्हणाले की हे नवं पण द्या, कारखान्यात लावतो. बाई तरातरा गाळ्यात आल्या, त्यांनी नवा पत्रा घेतला आणि रागारागाने कोरायला बसल्या. त्या रागावर त्यांनी पुढे कितीतरी छापलं. काकीचं तोंड, सुपरवायझर, निजलेला वाघ. कपाटाचे खण पुन्हा भरायला लागले, यावेळी वरून खाली. रत्नागिरीचा विषय निघेनासा झाला. आणि दर आठ दिवसांनी बाई शेजारी जाऊन आपलं चित्र परत मागायच्या, दर वेळी शेठ नाही म्हणायचे, आणि संध्याकाळी शटरला पिशवी असायची.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, उठल्या नाहीत. भाचीने सगळं केलं. नंतर एका सकाळी आम्ही गाळ्यात जमलो. म्हशीवर पांढरी चादर घालून भाचीने बाईंचा फोटो ठेवला होता. काकी आली होती, बुवा आले होते, ब्रोशरही येऊन मागे उभा होता. शेठ सर्वांत शेवटी आले. काखेत चौकट. ती त्यांनी फोटोशेजारी उभी केली, हात जोडले आणि बाजूला झाले.

दोन उजवे हात असलेली बाई सगळ्यांकडे तोंड करून खाकरा लाटत होती.

मला राहवलं नाही. मी पुढे झालो आणि चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली. खणातून नवी काढून तिच्या जागी मांडली. शेठ आले, त्यांनी माझी बाजूला सरकवली आणि स्वतःची परत वळवली. मी हळू आवाजात म्हटलं, शेठ, त्यांना चाललं नसतं. शेठ तितक्याच हळू म्हणाले की मला माहीत आहे, पण माझ्याकडे बाईंचं हेच आहे. मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला दुसरी देऊ केली होती. ते म्हणाले, ती चांगली आहे, पण ही आमची आहे. भाची आमच्याकडे बघत होती. लिनोने डोळ्यांनी दटावलं. आम्ही दोघं चौकटी धरून तिथेच उभे राहिलो आणि बाईंच्या वतीने आणखी थोडा वेळ भांडत राहिलो.